अजून काय करतो?

हत्तीची सोंड दाबली की त्याचे दोन्ही गाल तांबूस उजळतात, सावकाश मंदावतात आणि पुन्हा उजळतात. एवढे घडवून आणायला मला पावणेचार महिने लागले. नात पाच वर्षांची आहे. एका शनिवारी दुपारी ती आली तेव्हा जेवणे होईपर्यंतही मला धीर धरवला नाही. हत्ती तिच्या हातात दिला, सोंड नेमकी कुठे दाबायची ते तिचे बोट धरून दाखवले, आणि गाल उजळले. ती "अय्या!" म्हणाली. तिने पुन्हा सोंड दाबली, पुन्हा गाल उजळले. तिसऱ्यांदा दाबून झाल्यावर तिने मान वर केली आणि भाजीवाल्याला भाव विचारावा इतक्या सहज आवाजात विचारले, "आणि अजून काय करतो?"

"अजून काही नाही करत," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि हत्तीला काखोटीला मारून पणजीच्या अडकित्त्याकडे वळली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. दूरध्वनी खात्यात ३६ वर्षे काढलेल्या माणसाला तक्रारीचा सूर ओळखता येतो, आणि तो तिथे नव्हता. हिरमोडही नव्हता. समोरच्या वस्तूत आणखी काय काय आहे याची ती साधी चौकशी होती, आणि कदाचित म्हणूनच ती माझ्या मनात रुतून बसली. तक्रार आली असती तर मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कामाला लागलो असतो. या प्रश्नाला कोणते हत्यार लावावे ते कळेना. रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हासुद्धा मी मनातल्या मनात हत्तीच्या बाजूने तिच्याशी वाद घालत होतो.

हे प्रकरण सुरू झाले एका रिळापासून. कापडावर शिवता येणारी सर्किटे असतात, हे मी निवृत्तीनंतर वाचले. लिआ ब्यूकली या अमेरिकन संशोधक बाईंनी कपड्यांवर शिवण्यासाठी लिलीपॅड नावाचा बोर्ड तयार केला आणि २००७ मध्ये तो बाजारात आला. त्याला कोपरे नाहीत, कारण कोपरा कापडात अडकतो. तो गोल आहे, कडेने पाकळ्यांसारखी भोके आहेत, आणि त्या भोकांतून तारेऐवजी वीज वाहून नेणारा दोरा ओवायचा आहे. हे चित्र पाहूनच मला मौज वाटली होती. मी मागवला तो त्याच वंशातला एक लहान, स्वस्त बोर्ड. त्याच्यावर एटीटायनी ८५ ही आठ पायांची चिप होती. सोबत स्टेनलेस स्टीलच्या तीनपदरी दोऱ्याचे रीळ आले. दोरा राखाडी, हाताला गार आणि किंचित हट्टी. पहिल्याच संध्याकाळी मी त्याला वीज तपासायचा मीटर लावून पाहिला, तर मीटरभर लांब दोऱ्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, साधारण ३० ओहम भरला. ज्या अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेवर माझी नोकरी झाली, तिचा रोध अख्ख्या किलोमीटरला ८८ ओहमच्या आसपास असतो. म्हणजे हत्तीच्या पोटापासून गालापर्यंतची वीतभर वाट विजेच्या दृष्टीने पाऊणशे मीटर तारेइतकी लांब होती. इतक्या लहान जनावराच्या आत एवढे अंतर मावते, याचे मला उगाचच कौतुक वाटले.

अडचण अशी की या दोऱ्याला सोल्डर धरत नाही. ज्या एका कामात माझा हात बसलेला आहे, तेच इथे निरुपयोगी होते. बोर्डाच्या भोकातून दोरा तीन-चार वेळा ओढून घट्ट आवळायचा आणि गाठ मारायची, एवढाच जोड. तो जोड टिकेल की नाही हे सर्वस्वी हाताच्या ओढीवर अवलंबून. आणि मला शिवणकाम येत नव्हते. बँकेत आयुष्य गेलेल्या माझ्या पत्नीने सदऱ्याचे बटणसुद्धा कधी लावले नाही, आणि त्याबद्दल तिला जराही खंत नाही. राहिली आई. आई ८६ वर्षांची आहे. तिचे हात आता थरथरतात, सुईच्या नेढ्यात दोरा ओवणे तिला जमत नाही, पण टाका चुकला की तिला खोलीच्या पलीकडूनही कळते. मी ओवायचे, तिने सांगायचे, मी शिवायचे आणि तिने उसवायला लावायचे, अशी आमची वाटणी ठरली. पहिल्या दिवशी माझा धावदोरा पाहून ती म्हणाली, "पोत्याचं तोंड शिवतोयस का रे?"

वास्तविक दोऱ्याशी माझी ओळखच नव्हती असे नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा एक्स्चेंजमध्ये केबलच्या तारांची जुडगी मेण लावलेल्या दोऱ्याने बांधत असत. ठरावीक अंतरावर एकेक फास, सगळ्या गाठी एका रेषेत, आणि प्रत्येक वळणावर निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखाडी अशा नेमलेल्या क्रमाने बाहेर पडणाऱ्या तारा. ज्याच्या गाठी सरळ पडत, त्याला आमचे वरिष्ठ न बोलता मान देत. पुढे प्लॅस्टिकचे पट्टे आले आणि ती विद्या बोटांतून निघून गेली. हे सारे मी आईला जरा अभिमानाने सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे तू मोळ्या बांधत होतास."

मी पुन्हा धावदोऱ्याकडे वळलो.

धावदोरा हा किती फसवा टाका आहे, हे त्यातून वीज सोडल्याखेरीज कळत नाही. तो कापडाच्या वर दिसतो तितकाच खालीही असतो, एक टाका या अंगाला, पुढचा त्या अंगाला. गोधडीत हेच त्याचे बळ असते, कारण सगळे थर त्यामुळेच एकजीव होतात. विजेच्या कामात मात्र तीच खोड नडते. तारेला प्लॅस्टिकचे कवच असते, हा दोरा उघडा असतो. धनाचा टाका वरून चालला आहे आणि ऋणाचा खालून, म्हणून दोघे वेगळे आहेत असे आपण मानतो, पण मधल्या एखाद्या टाक्याला दोघेही एकाच अंगाला आलेले असतात. आईला धन आणि ऋण समजावून सांगण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. "या दोन दोऱ्यांनी एकमेकांना शिवायचं नाही," इतकेच म्हणालो. तिने विचारले, "सोवळं आहे का?" मी होय म्हणालो. त्यानंतर तिचे कधीही चुकले नाही. कुठला दोरा ओवळ्यात आहे ते तीच मला सांगू लागली.

चूक झाली ती माझ्याकडून. राखाडी फ्लॅनेलचा हत्ती आम्ही उलट्या बाजूने शिवला, पोटाशी ठेवलेल्या भोकातून सुलटा केला, त्यात कापूस भरला. आईचा आग्रह सावरीच्या कापसाचा होता. तो मिळेना म्हणून पॉलिस्टरचा भरला, आणि त्याबद्दल ती आजही मला ऐकवते. शेवटी सेल घातला, सोंड दाबली, आणि काहीच झाले नाही. थोड्या वेळाने पोटाला हात लावला तर सेल कोमट झालेला. कुठेतरी दोन दोरे एकमेकांना भेटले होते. शिवलेला हत्ती पुन्हा उसवताना मला चमत्कारिक वाटत होते. रेडिओ उघडताना असे कधी वाटले नव्हते. रेडिओला चेहरा नसतो म्हणून असेल. मी त्याचे डोळे खाली करून ठेवले आणि मग पोटाची शिवण उसवली. दोष शिवणीच्या मायेत सापडला. शिंपी शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतो त्याला माया म्हणतात, हे मला ठाऊक होते. लहानपणी दर जूनमध्ये आमच्या शाळेच्या विजारी याच मायेच्या बळावर लांब होत असत. मी दोऱ्यांची टोके गाठी मारून तशीच मायेत सोडून दिली होती. स्टीलच्या दोऱ्याला पीळ सुटण्याची खोड असते. गाठीची टोके पिंजारली, त्यांना मांजराच्या मिशांसारखे केस फुटले, आणि कापूस ठासून भरल्यावर ते केस पलीकडच्या दोऱ्याला जाऊन टेकले. "टोकं मायेत लोंबत ठेवायची नसतात," आई म्हणाली, "वळवून दाबून टाकायची असतात." मुलगी लग्नाआधी वापरत असे त्या नेलपॉलिशची एक बाटली कपाटाच्या तळाशी मिळाली. तिच्यात थोडे थिनर घालून मी प्रत्येक गाठीवर एकेक थेंब सोडला. त्यामुळे हत्तीला आतून अकरा ठिकाणी गुलाबी ठिपके आहेत. ते कोणालाही दिसत नाहीत.

सोंडेतल्या कळीची गोष्ट मात्र वेगळी आहे. दाबता येईल अशी मऊ कळ करण्याची एक सोपी रीत आहे. वीज वाहणाऱ्या कापडाचे दोन तुकडे घ्यायचे, मधोमध भोक पाडलेला स्पंजाचा चौकोन त्यांच्यामध्ये ठेवायचा. दाबले की भोकातून दोन्ही तुकडे एकमेकांना टेकतात, सोडले की स्पंज त्यांना पुन्हा दूर करतो. दोरा माझ्याकडे होता, कापड नव्हते, आणि ते मागवायचे तर पुन्हा आठ दिवस वाट पाहणे आले. त्याच सुमारास आई ट्रंकेतले कपडे उन्हात घालत होती. वर तिचा लग्नातला शालू होता. लग्न १९५८ चे. रेशीम घडीवर विरलेले, जागोजागी फाटलेले, पण काठ अजून जड. मला काय सुचले कोण जाणे, मी मीटर बीपवर लावला आणि दोन्ही टोके काठावर टेकवली. मीटर वाजला. चार बोटे सरकून पुन्हा टेकवली, पुन्हा वाजला. आई दचकून म्हणाली, "अगंबाई, बोलतो की हा!" खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. सोने, चांदी, दोन्ही विजेला वाट देणारे धातू. मग पत्नीची दोन वर्षांपूर्वी घेतलेली, त्या शालूपेक्षा कितीतरी जास्त झगमगणारी साडी काढून तिच्या काठाला मीटर लावला, तर तो ढिम्म. तिच्या जरीत चकाकते ते प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यावरचे धातूचे पाणी, आणि त्याच्यावर पुन्हा लाखेसारखा लेप. मीटर साड्यांची इतकी निष्ठुर परीक्षा घेऊ शकतो, हे पत्नीला मुळीच आवडले नाही.

पुढे वाचताना कळले की हे सुचलेला मी पहिला नव्हे. १९९७ च्या सुमारास एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये रेमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ हे दोघे कापडातच सर्किट विणता येईल का याचा शोध घेत होते. त्यांच्या हाती लागले ते ऑर्गन्झा नावाचे झिरझिरीत रेशमी कापड, ज्याच्या बाण्याच्या, म्हणजे आडव्या, प्रत्येक धाग्यावर धातूचा पातळ पत्रा गुंडाळलेला असतो. आपल्या शोधनिबंधात त्यांनी नोंदवले आहे की असे कापड भारतात निदान शंभर वर्षे तरी विणले जात आहे. धातूचे धागे शेजारी शेजारी, पण मध्ये रेशीम, त्यामुळे एक धागा दुसऱ्याला शिवत नाही. केबलमधल्या तारांसारखीच ही रचना. ज्या विणकरांनी हे कापड विणले त्यांच्या मनात वीज नव्हती, त्यांच्या मनात लग्ने होती. आईला मी हे सांगितले तेव्हा तिला त्याचे फारसे काही वाटले नाही. "चांदीच ती," ती म्हणाली, "वाजणारच."

शालूचा तुकडा मागण्याचे धाडस मला होत नव्हते. मी आडवळणाने म्हटले की असे कापड तुळशीबागेत मिळते का बघतो. आई काही बोलली नाही. दुपारी झोपून उठलो तर टेबलावर काठाचे दोन चौकोन कापून ठेवलेले होते, प्रत्येकी दोन बोटांचे. थरथरत्या हाताने कापले होते हे कडांवरून दिसत होते. मला अपराधी वाटले आणि ते माझ्या तोंडावर उमटले असावे. "जुनी जर विकत घेणारा आला होता, तो वजनावर भाव सांगत होता," आई म्हणाली. "त्याच्यापेक्षा सोंड बरी." तेव्हापासून मी त्या शालूबद्दल गहिवरून बोलण्याचा प्रयत्न केला की ती विषय बदलते. वस्तू जपून ठेवण्याचे वेड आमच्या पिढीला आहे. तिच्या पिढीने शालूची परकर-पोलकी केली, परकराची दुपटी केली, दुपट्याचे फडके केले, आणि फडक्याची बाहुली.

ती बाहुली मला चांगली आठवते. वाईला असताना माझ्या धाकट्या बहिणीसाठी आईने केलेली, चिंध्यांची. आत कापूस नव्हता, चिंध्याच होत्या, त्यामुळे ती आकाराच्या मानाने जड होती आणि उचलली की मान टाकत असे. डोळ्यांना दोन काळे मणी, नाकाला काळ्या दोऱ्याचे दोन टाके, ओठांना लाल दोरा. बहीण तिला ताकभात भरवीत असे. खरोखरीचा ताकभात, त्यामुळे बाहुलीला एक आंबूस वास येई आणि महिन्याकाठी तिला धुवावे लागे. धुऊन धुऊन तोंड पुसट झाले की आई नवे ओठ शिवून देई. एकदा ते ओठ जरा जास्तच वर वळले. बहिणीने बाहुली हातात घेतली, निरखून पाहिली आणि भोकाड पसरले, "ही ती नव्हे!" आईने निमूटपणे ते ओठ उसवले आणि पूर्वीचे सरळ ओठ शिवून दिले. आता विचार करतो तेव्हा जाणवते की त्या सरळ रेघेत बाहुली रागावलेली असे, झोपलेली असे, तिला ताप आलेला असे, तिचे लग्न ठरलेले असे. हसऱ्या ओठांची बाहुली फक्त हसरीच राहिली असती. "ही अजून काय करते?" असे बहिणीने कधी विचारल्याचे आठवत नाही. बाहुली काहीच करत नव्हती. सगळे बहीणच करत होती.

खेळण्याला कळ बसवली की त्याच्या मागे काम लागते, असे मला आता वाटते. कळ दाबल्यावर गाल उजळणे हे हत्तीचे काम ठरले, आणि ज्याला काम आहे त्याच्या कामाची चौकशी कोणीही करणारच. नातीने केली ती तीच. यात तिचा दोष नाही. मीच तिचे बोट धरून तिला सोंडेपर्यंत नेले होते, आणि हा हत्ती म्हणजे अमुक करणारी वस्तू आहे, असे पहिल्या क्षणाला सांगून टाकले होते.

ही हौस माझ्यापुरती नाही, हे एक समाधान. थॉमस एडिसनने १८९० मध्ये बोलणारी बाहुली विकायला काढली होती. पोटात छोटा फोनोग्राफ, पाठीला फिरवायची दांडी, आणि दांडी फिरवली की बाहुली बडबडगीत म्हणणार. यंत्र मावावे म्हणून बाहुलीचे धड पत्र्याचे करावे लागले. बोलण्याच्या बदल्यात मऊपणा गेला. आवाज इतका किरटा निघत असे, आणि ध्वनिमुद्रिका इतक्या लवकर झिजत, की काही आठवड्यांतच ती विक्री बंद झाली. त्या आवाजाची मुद्रणे आज ऐकायला मिळतात. मी ती रात्री ऐकली, आणि तसे करू नये असे इतरांना सांगेन. पण त्या पत्र्याच्या बाहुलीकडे पाहताना मला माझा हत्ती आठवला. पत्रा टाळण्यासाठीच तर मी चार महिने दोऱ्याशी झटत होतो. सर्किट असावे, पण हाताला लागू नये. मिठी मारल्यावर फक्त फ्लॅनेल लागावे. त्या बाबतीत तरी हत्ती माझ्या मनासारखा झाला आहे. पोट चाचपले तर एवढे जाणवते की आत काहीतरी चपटे आहे, फुटाण्याच्या पुडीसारखे.

एक गोष्ट मी तेव्हा नातीला सांगितली नाही. गालांचे दिवे नुसते लागत नाहीत, श्वास घेतल्यासारखे कमी-जास्त होतात. चिप दिवा एका सेकंदात शेकडो वेळा लावते आणि विझवते. लावलेला वेळ वाढवला की डोळ्यांना तो प्रखर दिसतो, घटवला की मंद. हा चढ-उतार किती वेळाचा ठेवावा ते मला ठरवता येत नव्हते. दोन सेकंदांचा ठेवला तर हत्ती धापा टाकतो असे वाटे, सहाचा ठेवला तर आजारी वाटे. एका दुपारी आई झोपाळ्याशेजारच्या कॉटवर झोपली होती. मी हातात घड्याळ घेऊन तिच्या पदराची हालचाल मोजली. मिनिटाला पंधरा. म्हणजे चार सेकंदांचा एक श्वास. तोच आकडा मी प्रोग्रॅममध्ये घातला. हे मी आईलाही सांगितलेले नाही. नातीच्या प्रश्नाला हे उत्तर होऊ शकले असते, पण पाच वर्षांच्या मुलीला ते सांगण्यात काही अर्थ नव्हता, आणि सांगताना माझा आवाज कसा निघाला असता याचीही मला खात्री नव्हती.

त्या शनिवारी हत्ती नातीबरोबर घरी गेला. बुधवारी रात्री दीड वाजता मुलीचा फोन आला. नातीने हत्तीला आमटी भरवली होती, म्हणून मुलीने सेलची डबी काढून त्याला धुतले, पिळले आणि कानाला चिमटे लावून गॅलरीतल्या दोरीवर टांगले. संध्याकाळी वरून कोरडा लागला म्हणून नातीने हट्ट करून डबी पुन्हा बसवून घेतली, आणि झोपताना त्याला परत दोरीवर टांगले. "बाबा, तो अंधारात एकटाच पेटतोय आणि विझतोय," मुलगी कुजबुजत म्हणाली, "मी पाणी प्यायला उठले तर गॅलरीत दोन लाल गाल." कारण मला लगेच कळले. सोंडेतला स्पंज ओला होता, त्यात साबणाचा अंश उरला होता, आणि साबणाच्या पाण्यातून एवढीशी वीज सहज वाहते. चिपला वाटत होते की कोणीतरी रात्रभर सोंड दाबून बसले आहे. मी फोनवर हसलो. मुलगी हसली नाही. "सेल तुमच्याकडेच ठेवा, बाबा. इकडे आला की घाला, निघताना काढा. मला त्या सेलचीच भीती वाटते."

तिची भीती खोटी नव्हती. तो सीआर २०३२ जातीचा, २० मिलिमीटर व्यासाचा, रुपयासारखा दिसणारा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही तिथे खोल भाजू शकते. सेलमधले रसायन गळावे लागत नाही. ओल्या मांसातून वीज वाहू लागली की तिथेच दाहक क्षार तयार होतो. बाजारात विकायच्या विजेवरच्या खेळण्यांना आता भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे, आणि सेलचा कप्पा मुलाला सहज उघडता येऊ नये यासाठी नियम आहेत. घरी शिवलेल्या हत्तीला कोणी नियम लावत नाही, म्हणून ते आपणच लावायचे. मी सेल स्क्रूने बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवला होता, ती डबी पोटातल्या जाड खणाच्या खिशात, खिशावर झाकण, झाकणाला दोन घट्ट टिचबटणे. सगळ्या हत्तीत मला सर्वात कंटाळवाणे वाटलेले काम म्हणजे हा खिसा. तो शोभेचा नव्हता, चमत्काराचा नव्हता, केवळ काळजीपोटी केलेला होता. आईने मात्र त्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवला. काजटाक्याने चारही कडा माझ्याकडून दोनदा करून घेतल्या. "पोटाचा खिसा आहे," ती म्हणाली, "हात सारखा तिथंच जाणार." मी म्हणालो की तिथे हात जाऊच नये म्हणून तर तो केला आहे. तिने माझ्याकडे पाहिले आणि पुढचा टाका कुठे घ्यायचा ते बोटाने दाखवले.

तर सेल माझ्या टेबलाच्या खणात राहिला आणि हत्ती नुसताच हत्ती होऊन गेला. दोन शनिवार नात त्याला घेऊन आली आणि सेल घालायला मला कोणी सांगितले नाही. मीही आपण होऊन विषय काढला नाही. त्यात थोडा रुसवा होता हे कबूल करतो. तिसऱ्या शनिवारी आई गव्हले वळत बसली होती, नात तिच्यापुढे मांडी घालून हत्तीशी बोलत होती, आणि मधूनच टिचबटण उघडल्याचा आवाज येत होता. मी वर्तमानपत्रावरून पाहिले. हत्तीच्या पोटातून तिने एक चिंचोका काढला, मग दुसरा, मग पीएमपीएमएलच्या बसचे चुरगळलेले तिकीट, तुटलेली एक क्लिप, आणि शेवटी आईच्या डब्यातली लवंग. सगळे फरशीवर मांडले, मोजले आणि पुन्हा एकेक करून आत घातले. "त्याच्या पोटात दुखतंय," ती आईला सांगत होती. "त्याने फार खाल्लं." आईने हत्ती मांडीवर घेऊन त्याचे पोट चाचपले आणि गंभीरपणे म्हणाली, "ओवा द्यायला हवा." चिंचोका नाकात घालण्याचे वय सरले आहे, असे मुलीने सांगितल्यामुळे मी गप्प राहिलो. पण गप्प राहण्याचे ते एकमेव कारण नव्हते. माझ्या सर्किटाच्या जागी चिंचोके सुखाने नांदत होते, आणि मला बरे वाटावे की वाईट, हे माझे मला ठरवता येत नव्हते. खिशाच्या कडेचा काजटाका इतक्या उघड-झाकीनंतरही सुटला नव्हता, हे मी पाहून ठेवले.

गेल्या आठवड्यात नातीचाच फोन आला. तिच्या शेजारचा मुलगा रविवारी आमच्याकडे येणार होता. त्याच्याकडे रिमोटवर चालणारा डायनासोर आहे.

"आबा, हत्तीचे गाल पेटव ना. त्याला दाखवायचेत."

"तुला तर ते आवडले नव्हते."

"आवडले होते की!" ती आश्चर्याने म्हणाली, जणू मी भलतेच काही बोललो होतो.

खणातला सेल तोवर उतरला होता. मीच अधूनमधून, घरात कोणी नसताना, तो लावून आईच्या श्वासाचा वेग बरोबर आहे ना हे पाहत असे. शनिवारी सकाळी तपकीर गल्लीत जाऊन नवे दोन आणले. दुपारी नात आली. हत्ती टेबलावर उताणा घालून मी टिचबटणे उघडली, तर खिसा चिंचोक्यांनी तुडुंब. ते काढल्याशिवाय डबी बसणार नव्हती, आणि डबी बसल्यावर ते आत मावणार नव्हते. हे मी तिला समजावून सांगितले. तिने चिंचोक्यांकडे पाहिले, डबीकडे पाहिले, हत्तीकडे पाहिले.

"मग दुसरा खिसा कर," ती म्हणाली. "पाठीवर."

आईने तोवर चष्मा लावला होता आणि चिंध्यांचे बोचके पुढे ओढले होते. खणाचा एक तुकडा झटकून, उजेडाकडे धरून, तिने तो माझ्यापुढे टाकला. "हा घे. आणि या वेळी माया जरा जास्त सोड, ती त्यात काय काय भरणार आहे कोणास ठाऊक." मी सुईत दोरा ओवायला घेतला, साधा, सुती.